किडक्या पेरूंचे नाना

आमच्या शेजारचे नाना रोज सकाळी साडेसहाला फाटकाशी येतात आणि किडका पेरू मागतात. चांगला दिला तर परत करतात.

परत करण्याचीही त्यांची एक रीत आहे. पेरू हातात घेतात, देठापासून बुडापर्यंत फिरवून पाहतात, खिशातले भिंग लावतात, आणि एकही भोक सापडले नाही की दुखऱ्या चेहऱ्याने म्हणतात, "हा निरोगी आहे, मॅडम." डॉक्टरांनी उगाच वेळ घेणाऱ्या पेशंटला घरी पाठवावे, तसे.

तुम्ही दोघांनी मागच्या आठवड्यात फोनवर विचारलेत, आजी, यंदा पेरूची जेली कशी आली नाही? मी "नाना" एवढेच म्हणाले आणि तुमची शाळेची बस आली. एका शब्दात आटोपणारे हे प्रकरण नव्हे, म्हणून लिहायला बसले आहे. आणि लिहायचेच तर ज्यांचे माझ्या जेलीवाचून काही अडलेले नाही अशा माणसांनाही नाना कळावेत, अशा बेताने लिहिते.

जळगावला पिंप्राळ्यातल्या आमच्या कॉलनीत त्यांची आणि आमची भिंत एकच आहे. त्यांचे मूळ गाव साक्रीकडचे, धुळे जिल्ह्यातले. नोकरी दीपनगरच्या वीज केंद्रात, कंट्रोल रूममध्ये, निवृत्त होईपर्यंत. लग्न केले नाही. कारण विचारले तर "शिफ्ट ड्यूटी" म्हणतात, जणू वीज केंद्रातली बाकी सगळी माणसे ब्रह्मचारीच होती. नोकरी सुटली पण तिथली भाषा सुटली नाही. दूध उतू गेले की ते "ट्रिप" होते. गुडघा दुखला की गुडघा "लोड घेत नाही". एरवी आपल्यासारखेच बोलतात, पण फार आनंद झाला किंवा फार भीती वाटली की अहिराणीवर येतात. सगळीकडे गोंधळ माजलेला असताना शांतपणे "बठ्ठं बराबर शे" म्हणतात. म्हणजे सगळे ठीक आहे. हे वाक्य ऐकले की मी आधी गॅस बंद आहे का ते पाहते.

भांडणाचे मूळ म्हणजे माझे पेरूचे झाड. ते भिंतीलगत आहे आणि त्याच्या निम्म्या फांद्या नानांच्या अंगणात गेल्या आहेत. पावसाळ्यातला पेरू वरून सुरेख पिवळा दिसतो आणि कापला की आत पांढऱ्या अळ्या वळवळतात. फळमाशी सालीला बारीक भोक पाडून आत अंडी घालते, हा तिचा उद्योग. या अळ्या उड्या मारतात, हे तुम्हाला आवडेल. मला आवडले नाही, कारण त्यातली एक माझ्या चष्म्यावर आली होती.

मी चौतीस वर्षे इंग्रजी शिकवले. चूक दिसली की लाल रेघ मारायची आणि पुढच्या ओळीवर जायचे, हा माझा स्वभाव. फळमाशी ही चूक, फवारणी ही लाल रेघ. पण फवारणीचे नाव काढले की नाना भिंतीवरून डोके वर काढतात. कृषी प्रदर्शनात त्यांनी कुणाचे तरी तासभर व्याख्यान ऐकले आणि तेव्हापासून ते पछाडले आहेत. माशीला निसर्गातच वैरी आहेत, फवारा मारला की माशीबरोबर तेही मरतात, माशी परत येते आणि वैरी येत नाहीत. हे त्यांनी मला इतक्या वेळा सांगितले आहे की मी ते झोपेतही म्हणू शकेन.

पहिले वैरी म्हणून कोंबड्या आल्या. अळी फळातून बाहेर पडून मातीत शिरते आणि तिथे तिचा कोष होतो. कोंबड्या माती उकरून कोष खाणार, असा बेत होता. त्यांनी माती उकरली, पण माझ्या कोथिंबिरीच्या वाफ्यातली. आमच्याकडे कामाला येणारी शोभा म्हणाली, "नाना, तुमच्या कोंबड्यांना आधी शाळेत घाला. बाईंचं झाड कोणतं ते त्यांना वाचता येत नाही." नानांनी मनावर घेऊन माझ्या झाडाभोवती खडूने गोल काढला.

मग लाल मुंग्या. सातपुड्याच्या पायथ्याशी कुणाच्या तरी आमराईतून नानांनी त्यांचे पानांचे घरटे कापडी पिशवीतून आणले, एसटीतून, मांडीवर घेऊन. आपल्या कडुनिंबापासून माझ्या पेरूपर्यंत सुतळी बांधली, म्हणजे मुंग्यांनी त्यावरून ये-जा करावी. मुंग्यांना तीन हातांवर माझी कपडे वाळत घालायची दोरी जास्त सोयीची वाटली. शोभाच्या दंडाला मुंगी डसली तेव्हा तिने नानांना जे ऐकवले ते मी इथे लिहीत नाही. भिंतीपलीकडून उत्तर आले, "बठ्ठं बराबर शे."

आणि मग, या आषाढात, कूलर.

जळगावच्या उन्हाळ्यासाठी घरोघर लोखंडी कूलर असतो, तो तुम्ही पाहिला आहे. तुमच्यापैकी एकाने त्यात चप्पल टाकली होती. नानांनी आपल्या जुन्या कूलरचा पंखा आणि मोटर काढली, चारही बाजूंना जाळी बसवली, तळाला ओली वाळू पसरली आणि आत किडके पेरू भरले. हे पाहून मला राहवले नाही. किडके फळ खोल खड्ड्यात पुरायचे किंवा जाळायचे, हे शाळेतली मुलेही सांगतील. मी तसे म्हटले.

"पुरलं तर माशी मरते, मॅडम. आणि तिच्या पोटातली वैरीणही मरते."

ही वैरीण म्हणजे एक गांधीलमाशी. ती फळाच्या सालीत सुई खुपसून माशीच्या अंड्यात किंवा अळीत आपले अंडे घालते. तिचे पिल्लू अळीला आतून खाते आणि माशीच्या कोषातून माशीऐवजी गांधीलमाशी बाहेर येते. ऐकायला भयंकर आहे, पण माणसाला काही करत नाही. नानांची युक्ती अशी, की जाळीची भोके एवढीच असावीत की जाड माशी आत अडकावी आणि बारीक गांधीलमाशी निसटून माझ्या झाडावर जावी. त्या मापाची जाळी शोधायला त्यांनी आठवडा घालवला. काडेपेटीत एक मेलेली माशी घेऊन ते हार्डवेअरच्या दुकानांत जात आणि काउंटरवर ठेवून म्हणत, "ही जाऊ नये, पण हिच्याहून निम्मी जावी." दोन दुकानदार मला ओळखतात. दोघांनीही माझ्याकडे नानांच्या तब्येतीची चौकशी केली.

किडके पेरू घरोघर फिरून आणावे लागत. वासाचे तर सांगूच नका. मी सकाळचा चहा अंगणात घेते, तो मला स्वयंपाकघरात घ्यावा लागला. शेवटी मी मुदत घातली. पोळ्यापर्यंत त्या कूलरमधून एक तरी गांधीलमाशी बाहेर आलेली कुणी पाहिली, तर मी झाडाला फवारा लावणार नाही. नाही पाहिली, तर फवारणीवाला येईल आणि कूलर भंगारात जाईल. नानांनी मान्य केले. मग हळूच कबूल केले की त्यांनी स्वतः ती कधी पाहिलेली नाही. व्याख्यानात चित्र दाखवले होते, पण हे मागे बसले होते.

नागपंचमी जवळ आली आणि नानांचा दुसरा विषय सुरू झाला. नागपंचमीनंतरच्या रविवारी खानदेशात घरोघर कानबाई देवी बसते. त्या दिवसासाठी सगळे भाऊबंद मूळ घरी जमतात. नोकरीच्या काळात नानांना क्वचितच जाता आले, नंतरही राहूनच गेले. दोन वर्षांपूर्वी त्यांचे थोरले भाऊ वारले, आणि यंदा नानांनी ठरवले की आपण जायचेच. "घरात मोठा आता मीच," हे मी भिंतीवरून, फाटकावरून आणि एकदा भाजीवाल्याच्या गाडीपाशी ऐकले. आपण नसलो तर पुतण्यांना पूजेतले काही उमजणार नाही, आपल्यावाचून आरती सुरू होणार नाही. नवा सदरा शिवला. तो कसा बसतो हेही मला पाहावे लागले.

अडचण कूलरची होती. कोष आता पिकले होते, गांधीलमाश्या कोणत्याही दिवशी निघतील असा नानांचा हिशेब होता आणि हे मंगळवारपर्यंत गावी. शनिवारी सकाळी ते बॅग घेऊन माझ्याकडे आले. मी नाही म्हणणार होते, पण त्यांनी चार पानी सूचना सुवाच्य अक्षरात, परिच्छेद पाडून लिहिल्या होत्या. नीट लिहिलेल्या कागदाला नाही म्हणणे मला आयुष्यात जमलेले नाही. वाळूवर सकाळ-संध्याकाळ पाणी शिंपडणे. कूलरच्या पायांखालच्या वाट्यांत पाणी ठेवणे, म्हणजे मुंग्या चढणार नाहीत. दार उघडू नये. मोठी माशी जाळीबाहेर दिसली तर जाळी फाटली असे समजावे. सगळे होते. गांधीलमाशी दिसते कशी, एवढे मात्र नव्हते.

शनिवार सुरळीत गेला. रविवारी सकाळी पाणी शिंपडायला गेले तर जाळीच्या बाहेरच्या अंगाला बारीक, तांबूस, मुंगीएवढे काहीतरी शेकड्याने नव्हे पण बरेच बसलेले. पंख होते. आत मोठ्या माश्या घोंघावत होत्या, बाहेर या बारक्या. गांधीलमाशी मला माहीत होती. ती पिवळी, लांब, न्हाणीघराच्या कोपऱ्यात घर करते आणि चावते. ही ती नव्हतीच. मी सरळ निष्कर्ष काढला: मोठ्या माश्यांना आत पिल्ले झाली, पिल्ले लहान म्हणून जाळीतून निसटली, नानांची अक्कल उघडी पडली, आणि आता ही मोठी होऊन माझ्या झाडावर जाणार. मी घरात गेले आणि डास मारण्याचा फवारा घेऊन आले.

पुढचे काम मी नेहमीप्रमाणे व्यवस्थित केले. मेलेले किडे मऊ ब्रशने कागदावर गोळा केले. मोजले. लिफाफ्यात घातले. वर लिहिले: "नानांच्या कूलरमधून निसटलेल्या माश्या. रविवार, सकाळी सात चाळीस. एकूण छत्तीस." मग फवारणीवाल्याला फोन करून सोमवारी सकाळी बोलावले. पोळ्याची वाट पाहण्याचे आता कारण नव्हते. मला, खरे सांगते, फार बरे वाटले.

आणि नाना मंगळवारी यायचे ते रविवारीच दुपारी आले. नवा सदरा अंगात होता. मी त्यांना फाटकातच गाठले.

"छत्तीस," मी लिफाफा पुढे केला. "तुमच्या जाळीतून. उद्या फवारणीवाला येतोय."

नानांनी खांद्यावरची बॅगही उतरवली नाही. ओट्यावर कागद पसरला, चष्मा कपाळावर सरकवला आणि भिंग लावले. शोभा भांडी घासायची थांबली. बराच वेळ ते वाकून पाहत होते. मग म्हणाले, "मॅडम, ह्या माश्या नाहीत. माशीला दोन पंख असतात, ह्यांना चार आहेत."

"मग?"

"ह्या त्याच."

मला समजायला थोडा वेळ लागला. समजल्यावर मी पहिल्यांदा वाद घातला, याची आता लाज वाटते. म्हटले, एवढ्याशा कशा, आणि पिवळ्या का नाहीत, आणि मला वाटले माशीची पिल्ले असतील.

"माशीला लहानपण नसतं, मॅडम. अळीचं असतं. माशी निघते ती पूर्ण वाढूनच निघते."

चौतीस वर्षांत मी कुणालाही इतक्या हळू आवाजात चूक दाखवली नसेल. मी माफी मागायला तोंड उघडले. पूर्ण वाक्य तयार होते. पण नानांनी ते बोलूच दिले नाही.

"तुम्ही पाहिल्या? जिवंत?"

हो म्हटले.

"चालत होत्या?"

यापुढे जे झाले त्याने माझा जीव खरोखर मेटाकुटीला आला. माणसाने रागवावे, आपण ऐकून घ्यावे आणि मोकळे व्हावे, असा शिरस्ता आहे. नाना रागवेनात. ते विचारत सुटले. जाळीच्या कुठल्या अंगाला बसल्या होत्या? पंख मिटलेले की पसरलेले? मिशा हलवत होत्या? दोघी जाळीतून एकदम निघत होत्या की एक थांबून दुसरीला वाट देत होती? मी म्हणाले, नाना, मी त्यांची मुलाखत घेतली नाही. तरी एकेक आठवून सांगितले, कारण ते ओट्याच्या कडेवर बसून, बॅग मांडीवर घेऊन, नातवंडाने आजीकडे गोष्ट ऐकावी तसे ऐकत होते. शोभा मागून म्हणाली, "सांगा बाई, सगळं सांगा. मारायला घाई केलीत, आता सांगायला बसा."

मग नानांना काहीतरी सुचले. पुन्हा भिंग घेऊन ते एकेकीची शेपटी पाहू लागले. सुई होती का, असे मला विचारले. मला सुई वगैरे काही दिसली नव्हती. छत्तीस वेळा भिंग फिरले. त्यांचा चेहरा हळूहळू बदलला.

"बठ्ठा नवरदेव शेतस," ते म्हणाले.

सुई फक्त मादीला असते. नर आधी निघतात, एकदोन दिवस जाळीपाशीच घुटमळतात, माद्या मागून येतात. मी मारले ते सगळे नर होते. माद्या अजून वाळूत, कोषांत असणार. नाना उठून कूलरपाशी गेले, दार थोडेसे उघडून कोपरापर्यंत हात आत घातला आणि ओली वाळू चाचपू लागले.

मी तिथेच उभी होते. काहीतरी बोलायला हवे म्हणून विचारले की मंगळवारी यायचे होते ना, कानबाईच्या प्रसादाचा रोट न खाताच कसे निघाले.

हात वाळूत तसाच होता. माझ्याकडे न पाहता म्हणाले, "मना नावनी मूठच टाकेल नव्हती."

हे मला त्यांनीच समजावून सांगितले. कानबाईच्या रोटासाठी त्यांच्याकडे गहू मापाने घेत नाहीत. घरातल्या प्रत्येक पुरुषाचे नाव घ्यायचे आणि त्याच्या नावाने सव्वा मूठ गहू टाकायचा. नाना दीपनगरला असतानाही थोरले भाऊ त्यांच्या नावाची मूठ टाकत. कधी चुकवली नाही. आता मुठी पुतण्यांनी टाकल्या, समोर दिसत होत्या त्या माणसांच्या. शनिवारी नाना पोचले तेव्हा गहू दळून झाला होता. पुतणे ओशाळले, लगेच म्हणाले, काका, पुन्हा मूठ टाकतो, पुन्हा दळतो. वाईट नाहीत पोरे, नाना दोनदा म्हणाले. मात्र दळलेल्या पिठात मागाहून मूठ घालत नाहीत. म्हणून यांनी सांगितले की घरी मशीन चालू ठेवून आलो आहे, थांबता येणार नाही, आणि सकाळची पहिली बस धरली.

मी त्यांच्यासमोरच फवारणीवाल्याला फोन लावला आणि येऊ नका म्हणून सांगितले. उद्या नको की कधीच नको, असे त्याने विचारले. मी म्हटले, मी कळवीन. एवढे सैल उत्तर मी आयुष्यात कुणाला दिलेले नाही.

जेलीचे म्हणाल तर पेरू यंदाही किडकेच निघाले. चार-दोन गांधीलमाश्यांनी एका श्रावणात झाड साफ होत नसते. नानाच म्हणतात, तीन वर्षे लागतील. मी अठ्ठ्याहत्तर वर्षांची आहे आणि ते माझ्याकडे तीन वर्षे मागतात. वास आहे तसाच आहे.

पण त्यानंतरच्या बुधवारच्या सकाळचे सांगते. मी चहाचे दोन कप घेऊन भिंतीपलीकडे गेले होते. तेवढ्यात जाळीच्या एका भोकातून आधी दोन मिशा आल्या, मग डोके, मग थांबली, मग बाकीची आली, आणि मागे केसाइतकी बारीक सुई. नानांना दिसेना. मी बोट दाखवले. तिने जाळीच्या कडेवर उभे राहून मिशा पुसल्या, पंख एकदा उघडून मिटले, आणि झाडाकडे न जाता उडून नानांच्या बाहीवर, मनगटापाशी, येऊन बसली.

नानांनी हात होता तसा धरला, अर्धवट पुढे केलेला. श्वासही जपून घेत होते. दुसऱ्या हातातला चहा निवत चालला होता. "हलू नका, मॅडम," ते पुटपुटले, मी हलत नसताना. पाच मिनिटे झाली, दहा झाली. त्यांचा दंड थरथरू लागला तरी त्यांनी तो खाली घेतला नाही.

माझी आंघोळ व्हायची होती, दूधवाला फाटकाशी हाका मारत होता, गॅसवर डाळ होती. मी हलले नाही.